छोटी गाडी घरी उघडावी का? आणि उघडलीच तर कुठपर्यंत?

धागाकर्ता

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे १०० ते १२५ सीसीची मोटरसायकल आहे, त्याने तिचं ऑइल, चेन, प्लग, एअर फिल्टर आणि टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकावरची फट ठरवणारा स्क्रू) स्वतःच्या हाताने करावं. आणि हे सगळं निदान वर्षभर केल्याशिवाय गाडीत एकही मॉडिफिकेशन करू नये.

हवेवर थंड होणारं, एका सिलिंडरचं, दोन व्हॉल्व्हचं इंजिन नवशिक्यालाही समजतं. ऑइल साधारण लिटरभर, आणि तेच इंजिनला, गिअरला आणि क्लचलाही पुरवायचं. म्हणून पाव लिटर कमी झालं तरी त्या इंजिनाला ते फार असतं. दर आठवड्याला ऑइलची पट्टी काढून पाहायला एक मिनिट लागतं, पण ते मिनिट मालकच देऊ शकतो.

टॅपेटचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः त्यात फसलो होतो. टकटक आवाज आला की आपण टॅपेट ढिले झाले म्हणतो आणि गाडी दाखवायला नेतो. पण घट्ट झालेला टॅपेट आवाजच करत नाही. माझी गाडी दोन वर्षं अगदी शांत चालत होती आणि मी त्यावर खूश होतो. मग गरम इंजिन चालू व्हायला त्रास देऊ लागलं. झाकण उघडून गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या) घातला, तर एक्झॉस्टच्या बाजूला पातळातली पातळ पट्टीही जाईना. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर (बंद होताना टेकायच्या कड्यावर) टेकतो तेव्हाच निघून जाते. तो टेकलाच नाही तर कडेने जळत जातो. गॅप असते किती, तर अशा बऱ्याच इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपास. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातलाच घ्यावा, आणि मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना.

आता मॉडिफिकेशन. एअर फिल्टरचा डबा काढायचा, मोकळा सायलेन्सर लावायचा आणि कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) तोच ठेवायचा, असं सर्रास चालतं. हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, इंजिन तापतं. मूळ स्थितीत आपला प्लग कोणत्या रंगाचा होता हे ज्याने कधी पाहिलंच नाही, त्याला आता तो पांढरा पडलाय हे कसं कळणार?

पाना_बारा_तेरा

मी याच कामावर पोट भरतो, तेव्हा मला तुमच्या विरुद्ध बोलावं लागेल. घरी हात लावून बिघडलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेकांची गोष्ट एकच असते. ऑइल काढायचा ड्रेन नट लोखंडी, तो बसतो ती क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) ॲल्युमिनियमची. ऑइल गळू नये म्हणून माणूस 'अजून थोडं' आवळतो आणि आटे जातात. खरं तर त्या नटाला बऱ्याच गाड्यांत २५ न्यूटन मीटरच्या आसपासच ताण पुरतो. लांब पान्याने तो नकळत दुप्पट होतो. सील करायचं काम वॉशरचं आहे, मनगटाच्या जोराचं नाही. वॉशर मात्र कोणी बदलत नाही.

दुसरं म्हणजे स्क्रू. जपानी घडणीच्या गाड्यांचे चौफुली स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. घरातला साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर सरकतो आणि डोकं गोल करून ठेवतो. मग ते झाकण काढायला ड्रिल लागतं.

ऑइल, चेन, प्लग करा. टॅपेट करू नका. टी खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) जुळली की लोक खूश होतात, पण ती खूण चार स्ट्रोकमध्ये दोनदा जुळते. चुकीच्या वेळी, दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असताना गॅप लावली, तर ती प्रत्यक्षात जास्त राहते, टॅपेट ढिले पडून टकटक करतात. आणि ब्रेकचा तुम्ही उल्लेखच केला नाही, ते बरं केलंत.

पंधरा_दाती

मला वर्षभराची अट मान्य नाही. मी शिकलो तो बदल करूनच. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १४ दातांचं होतं, ते १५ चं केलं. मागे ४२ दात, म्हणजे प्रमाण ३ वरून २.८ वर आलं. सपाट रस्त्यावर त्याच वेगाला इंजिन शांत झालं आणि चढावर एक गिअर खाली टाकावा लागू लागला. मागून हेच करायचं तर ४२ चे ३९ करावे लागले असते. पुढचा एक दात मागच्या तिघांएवढा, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या चढावर पक्कं समजलं. ज्यांच्या स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते, त्यांचा काटा असं केल्यावर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. माझी केबल पुढच्या चाकावरून आहे, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

अर्ध्या तासात मूळ स्थितीत आणता येतो असा बदल नवशिक्याने का करू नये? नुसतं ऑइल बदलून माणूस काम शिकतो, गाडी का तशी वागते ते शिकत नाही.

काठावरचा

चेनबद्दल सगळे लिहिताहेत, म्हणून एकच सांगायचं आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनवर फडकं धरू नका. माझ्या भावाच्या दोन बोटांची टोकं अशीच गेली. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं गेलं आणि हात त्याच्यामागे. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. धागाकर्त्यांनी ही कामं घरी करा म्हणताना हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

धागाकर्ता

काठावरचा, तुमचं शंभर टक्के खरं आहे. मी ते लिहायला हवं होतं, चूक झाली. तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

पंधरा_दाती, वर्षाची अट मागे घेतो. परत फिरवता येणारा बदल लवकर करावा, पटलं. त्याजागी दुसरी अट घालतो. बदल करण्याआधी प्लगचा रंग, चेनचा झोल आणि एका टाकीत किती अंतर जाते हे वहीत लिहून ठेवा. झोल बहुतेक छोट्या गाड्यांत २० ते ३० मिमीच्या दरम्यान सांगितलेला असतो. पण सिलिंडर बोअर करून (आतून कातून रुंद करून) मोठा पिस्टन टाकण्याला माझा विरोध कायम आहे. ५० मिमीचा बोअर ५२ केला की क्षमता ८ टक्क्यांनी वाढते. तेवढ्यासाठी सिलिंडरची भिंत पातळ करायची आणि उष्णता वाढवायची. ब्रेक मात्र जुनेच! आणि तो बदल मागेही घेता येत नाही.

पाना_बारा_तेरा, टॅपेटबद्दल मी हटणार नाही. तुम्ही स्वतः झाकण उघडून मोजता, पण घाईत नुसता आवाज ऐकून 'ठीक आहे' म्हणणारेही भेटतात. माझा एक्झॉस्ट दोन वर्षं तसाच राहिला, कारण गाडी आवाज करत नव्हती.

पाना_बारा_तेरा

मत तेच आहे, पण करणारच असाल तर नीट करा. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा आणि नजर इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर ठेवा. तो व्हॉल्व्ह दाबेल आणि परत वर येईल. त्यानंतर जी पहिली टी खूण येते ती तुमची. तिथे दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. एकही हलत नसेल तर आणखी एक पूर्ण फेरा द्या आणि पुन्हा बघा. तरीही हलला नाही, तर तो टॅपेट घट्ट आहे. लॉक नट आवळला की गॅप पुन्हा मोजा, आवळताना ती बदलते.