मदत हवी आहे: सीओपीडीचा अटॅक ओसरला, पण आईच्या अंगात ताकदच येत नाहीये (सिंहगड रोड, पुणे)

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची, धायरीला आमच्याकडेच असते. विडी-सिगारेटचा कधी संबंध नाही, पण भोरकडे गावी अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलं. सीओपीडीसाठी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) पंप चालूच आहे. दिवाळीनंतर थंडी वाढली, साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि छाती भरली. बेडका हिरवट पडायला लागला, बोलतानाही धाप. अॅडमिट करावं लागलं. ऑक्सिजन, नेब्युलायझर, अँटिबायोटिक, पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असं सगळं होऊन आता घरी आली आहे.

सॅच्युरेशन ९३-९४ असतं, बेडकाही पांढरा झालाय. पण वेणी घालायला हात वर केले की तीन पेड पडायच्या आत हात खाली येतात. मग पलंगाच्या कडेवर दोन्ही तळवे रोवून, खांदे वर ओढून बसून राहते. "मशीन बरं म्हणतंय गं, पायात जीवच नाही," म्हणते.

छातीच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. अटॅकमध्ये श्वासनलिका सुजतात, आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. फुफ्फुसं फुगून राहतात, त्याखालचा पडदा दबून सपाट होतो आणि श्वासाचं काम मान-खांद्याच्या स्नायूंवर येतं. त्यात हात वर केले की दम लागणारच. सूज औषधांनी उतरते, पण पडून राहणं, जेवण तुटणं, इन्फेक्शन, स्टेरॉइड या सगळ्यांनी मांड्यांचे स्नायू झडतात आणि ते भरून यायला वेळ लागतो. ऑक्सिमीटरवर हे कुठून दिसणार?

लंडनमधला २००० सालचा एक अभ्यासही वाचला. अटॅकनंतर ३५ दिवसांनी साधारण चारांपैकी तिघांचाच पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते माप) पूर्वीइतका झाला होता, थोड्या जणांचा तर तीन महिन्यांनीही नाही. म्हणजे आईचं काही जगावेगळं चाललेलं नाही, एवढा तरी धीर आला. पण पुढचे दोनेक महिने परत अटॅक येण्याचा धोका जास्त, हेही डॉक्टर बोललेत, त्यामुळे झोप लागत नाही.

पल्मनरी रिहॅब (फुफ्फुसाच्या पेशंटसाठी देखरेखीखालचा व्यायाम) डिस्चार्जनंतर चार आठवड्यांच्या आत सुरू करा म्हणालेत. गाडी अडते ती इथेच. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून आठवड्यातून दोन-तीनदा तिला नेलं तर व्यायामाआधीच थकून जाईल. धायरी, वडगाव, आनंदनगर भागात घरी येणारे, छातीच्या पेशंटचा अनुभव असलेले फिजिओ कुणाला माहीत आहेत का? नुसते गुडघे-कंबरवाले नकोत. फी साधारण किती?

मामा-मावशी म्हणतात, पडून राहू दे. मला ते पटत नाही. सध्या ओठ चंबू करून हळू श्वास सोडत हॉलमध्ये फेऱ्या मारते, खुर्चीतून उठ-बस करते. तुमच्या घरी हे कसं वाढवत नेलंत? भाकरी खातानाही दम लागतो, म्हणून थोडं थोडं, मऊ देतेय. मूग, अंडी चालतात, पण दोन घासांत पोट भरलं म्हणते. आणखी काय देता येईल?

अजून एक. सोसायटीच्या मागे रोज सकाळी पालापाचोळा पेटवतात. सांगूनही थांबत नाहीत, धूर थेट तिच्या खिडकीत येतो. महापालिकेकडे तक्रार करून कुणाचं काम झालंय का? कुठे आणि कशी केलीत?