पलुसकरांच्या तबकड्यांची खरखर काढावी का?

गोदाकाठ : २८ मे हा ग्वाल्हेर घराण्याचे गायक पं. द. वि. ऊर्फ बापूराव पलुसकरांचा जन्मदिवस. बापूराव १९२१ साली जन्मले ते नाशिकलाच, आणि वडील विष्णु दिगंबरांचा आश्रमही इथे पंचवटीत. त्या दिवशीच्या श्रवणसत्रासाठी त्यांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन) तबकड्या संगणकावर उतरवायचं चाललं आहे. माझं मत : खरखर काढू नये. ती आणि तानपुऱ्याची जवारी (तारेचा झणझणीत गुंजारव) एकाच वरच्या पट्ट्यात असतात, एक काढली की दुसरी जातेच. 'स', 'श' बोथट होतात, तबल्याची चाट (कडेवरचा बोल) विझते. बापूरावांचा तानेचा दाणा आणि स्वच्छ उच्चार हेच तर ऐकायचं! नेटवरच्या 'शुद्ध' प्रतींत आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो.

लाखेरी : ही चूक खरखर काढण्याची नाही, ती कुठे काढली याची आहे. बरीचशी खरखर संगणकाला हात लावण्याआधी जाते. तबकडी लाखेची, तिला स्पिरिट कधीच लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवायचं, मग तबकडी उभी करून वाळवायची. नाशिकच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या तबकडीवर बुरशी असते, तीही यातच निघते. सुई एलपीची (नंतरच्या लाँगप्ले तबकडीची) नको. ती बारीक असल्याने खाचेच्या तळाशी घासते आणि कचरा नेमका तिथेच साचलेला असतो. ३ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपासची सुई, वजन ४ ग्रॅमच्या आगेमागे. खाच झिजलेली असेल तर २.५ आणि ३.५ मिलही लावून पाहा, कुठली तरी सुई भिंतीच्या न झिजलेल्या भागावर टेकते. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर दोन्ही चॅनेल मिळवून मोनो करा. या तबकड्यांत आवाज आडवा कोरलेला असतो, त्यामुळे सुई वर-खाली उडण्याची खरखर बेरजेत खोडली जाते.

गोदाकाठ : धुणं आणि सुई, दोन्ही मान्य. ते वाजवणं झालं. माझा विरोध त्यानंतरच्या सॉफ्टवेअरला आहे.

लाखेरी : मग तेही बघू. सुरुवातीच्या कोऱ्या खाचेतला सेकंदभराचा नमुना घेऊन खरखर ६ डेसिबलने उतरवा, २० ने नको. त्याआधी 'टक्-टक्' वेगळी काढा. ती राहिली तर प्रत्येक टक् सोबत शेपूट ओढत येते. आणि नाशिकच्याच काय, कुठल्याही सभागृहात मोठ्या स्पीकरवर ही खरखर घरच्यापेक्षा कितीतरी टोचते. पहिल्यांदा ऐकायला आलेला मुलगा दुसऱ्या तबकडीला उठून जाईल, हे मला मान्य नाही.

काळी_दोन : दोघेही मोठी गोष्ट विसरताय : प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा बारीक आवाज मोठा करणारं यंत्र. आजच्या फोनो प्रीअँपमध्ये आरआयएए वळण असतं, म्हणजे खालचे सूर उचलून वरचे कापण्याचं ठरलेलं प्रमाण. ते रुळलं १९५४ नंतर. त्यातून ७८ वाजवली तर १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल उगाच कापले जातात. मग लोक म्हणतात, 'खरखर कमी झाली'. खरखरीसोबत जवारीही गेलेली असते! सपाट, म्हणजे कुठलंच वळण न लावता उतरवून घ्या, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, आणि वळण नंतर लावा. मायक्रोफोन लावून विजेवर मुद्रित केलेल्या एचएमव्हीच्या तबकड्यांना २५० हर्ट्झच्या खाली वळण, वर काहीच नाही.

वेगही तपासा. ७४ फेऱ्यांवर कापलेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर जवळजवळ अर्धस्वराने चढतो, पेटीच्या पांढरी एक पट्टीतला गवई काळी एकवर ऐकू येतो. १९०२ च्या गायिका गौहरजानच्या, मायक्रोफोनऐवजी भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणांत हा घोळ जास्त, बापूरावांच्या काळात कमी. तरीही पेटीच्या पट्टीशी ताडून पाहा.

ख्यालप्रेमी : मुळात या तबकड्याच का? दहा इंचाच्या एका बाजूत सव्वातीन-साडेतीन मिनिटं. त्यात विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल बसतच नाही. मुखडा येतो न येतो तोच ताना सुरू! ग्वाल्हेरचा ख्याल एवढाच असतो असं विद्यार्थ्यांना वाटू नये. विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यासांच्या तालमीतून आलेला हा गवई १९५५ साली, चौतिसाव्या वर्षी गेला, लाँगप्ले आपल्याकडे रुळण्याआधीच. म्हणून आकाशवाणीची दीर्घ मुद्रणंच ऐकवावीत.

गोदाकाठ : इथे मी तुमच्याशी भांडेन. साडेतीन मिनिटांत राग उभा करणं ही वेगळी विद्या आहे, ती तुटपुंजी म्हणून टाकून देऊ नका. आलाप नाही, पण पहिल्याच समेला रागाचं नाव समजतं. त्यांच्या भजनांना तर ही लांबी अंगासरशी बसते. विद्यार्थ्यांनी बंदिशीची बांधणी इथूनच शिकावी.

ख्यालप्रेमी : बांधणी शिकतील, बढत (रागाचा सावकाश विस्तार) कुठून शिकतील? निदान एका रागाचं दीर्घ मुद्रण आधी, मग त्याच रागाची तबकडी.

लाखेरी : हा क्रम मला चालेल. तबकडीच्या दोन्ही प्रती मात्र तयार ठेवा : सपाट उतरवून फक्त वळण लावलेली, खरखरीला हात न लावलेली, आणि खरखर ६ डेसिबलने उतरवलेली. सभागृहात दुसरी.

गोदाकाठ : पहिली. खरखर टोचते म्हणून आवाज थोडा कमी ठेवू, पण जवारी कापलेली प्रत मी वाजवू देणार नाही.