दोन रुपयांची झेरॉक्स आणि पाचशेची नोट: क्यूआर काढून टाकणं शहाणपणाचं आहे का?

गल्ल्यावरचा
आमचं तालुक्याच्या गावात झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, समोरच तहसील कचेरी. २०१९ पर्यंत माझी सकाळ सुट्टे गोळा करण्यातच जायची. पानटपरीवाल्याकडून शंभराची चिल्लर आणायची, ओळखीच्या कंडक्टरला चहा पाजून दहाच्या नोटा घ्यायच्या, आणि एवढं करून दहा वाजता पहिलं गिऱ्हाईक सातबाराची एक झेरॉक्स काढून पाचशेची नोट पुढे करणार. दोन रुपये! मग एकतर "राहू द्या, पुढच्या वेळी द्या" (ती पुढची वेळ काही येत नाही) नाहीतर चॉकलेट. ती चॉकलेटची बरणी विकायला नव्हतीच, ती आमची टांकसाळ होती.

क्यूआर लावला आणि हे सगळं बंद झालं. रात्री गल्ला जुळत नाही म्हणून बायकोशी भांडण नाही. कार्डाच्या मशीनला पूर्वी टक्क्यात पैसे कापायचे, यूपीआयला १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर (व्यवहारामागे कापलं जाणारं कमिशन) शून्य आहे, शंभराचे शंभर खात्यात येतात. आणि खात्यात रोजची आवक दिसते म्हणून मला दुसऱ्या मशीनसाठी कर्ज मिळालं, नाहीतर आमच्यासारख्याची उलाढाल बँकेला दाखवायची कशी?

तरी गेल्या महिन्यात आमच्या पेठेत चौघांनी क्यूआर काढून "फक्त रोख" अशी पाटी लावली. मला हे उलट्या पायांनी चालणं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

चिखलवाट
त्या चौघांना विचारलं का, का काढला ते?

माझे मामा आठवडी बाजारात भाजी विकतात. कुणीतरी त्यांच्याकडून एकशे ऐंशी रुपयांचं सामान घेतलं, स्कॅन केलं, गेला. दीड महिन्याने मामांचं खातं बंद. तो माणूस म्हणे कुठल्यातरी फ्रॉडच्या साखळीतला, पार दुसऱ्या राज्यात तक्रार, तिथल्या पोलिसांनी होल्ड टाकलेला. बरं एकशे ऐंशीच अडकवा ना, नाही, अख्खं खातं! पेरणीचे पैसे त्यातच होते. शाखेत गेलं की "वरून आलंय, आमच्या हातात नाही", आणि ज्या पोलिसांचा नंबर दिला तिकडे कुणाला मराठी येत नाही आणि मामांना हिंदी जेमतेम.

नोटेला कुणी विचारत नाही की बाई तू आधी कुणाच्या खिशात होतीस. क्यूआरवाल्याला विचारतात. तुमच्या टांकसाळीपेक्षा हे महाग पडलं.

निवृत्त कॅशियर
तीस वर्षं काउंटरवर बसून नोटा मोजल्या, बोटांना त्याचा वास अजून आहे, म्हणून मला रोकडीचं प्रेम वगैरे काही नाही. होल्डचा प्रकार वाईट, मान्य. पण पाट्या लावण्याचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं आणि ते कुणी बोलत नाही. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत काय झालं आठवा. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयची जमा बघून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा काढल्या, लगेच बेकऱ्या आणि चहाच्या टपऱ्यांवर "नो यूपीआय"चे कागद लागले. अरे पण मालाच्या उलाढालीची मर्यादा वर्षाला ४० लाख आणि सेवेची २० लाख, ती रोखीलाही तेवढीच आहे. नुसती भाजी नाहीतर दूध विकणाऱ्याला तर नोंदणीच लागत नाही. म्हणजे घाबरतंय कोण? ज्याची उलाढाल जास्त आहे आणि दाखवायची नाही तो.

चिखलवाट
काका, कागदावर बरोबर आहे तुमचं. पण नोंदणी लागत नाही हे त्या दूधवाल्याने नोटिशीला उत्तर देऊन सिद्ध करायचं, आणि त्यासाठी सीए धरायचा. सीएची फी कोण देणार? शिवाय खात्यात आलेलं सगळंच विक्रीचं नसतं, भावाने उसने पाठवलेले, भिशीचे, लग्नाच्या आहेराचे, सगळं एकाच क्यूआरवर येतं आमच्याकडे.

निवृत्त कॅशियर
तेच तर चुकतं. धंद्याचं खातं वेगळं ठेवा. हे मी लोकांना तीस वर्षं सांगितलं, एकाने ऐकलं नाही.

माजघर
तुम्ही सगळे दुकानाच्या त्या बाजूने बोलताय, मी घरातून बोलते.

माझी आई डाळीच्या डब्यात तळाशी पैसे ठेवायची. बाबा द्यायचे त्यातले उरवलेले, मामाने भाऊबीजेला घातलेले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री टीव्हीवर ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात गेली, डबा परातीत उपडा केला, तूरडाळीतून पाचशेच्या अकरा नोटा निघाल्या. बदलायला बाबांच्या हातात द्याव्या लागल्या कारण तिचं खातंच नव्हतं. ते साडेपाच हजार परत डब्यात आले नाहीत, "घरातच तर आहेत" म्हणून विषय संपला.

आता तिचं खातं आहे, पण नंबर बाबांच्या फोनचा. वीस रुपयांचा गजरा घेतला तरी मेसेज त्यांना. भांडत नाहीत, नुसतं संध्याकाळी हसून म्हणतात "आज गजरा का?" त्या हसण्यावर तिने गजरा घेणं सोडलं. तुमच्या कॅशलेसच्या फायद्यात हे कुठे मांडायचं सांगा.

सोनकी
माजघर, वाचून पोटात कालवलं खरंच. पण माझ्याकडे याच्या बरोबर उलटं उदाहरण आहे. आमच्याकडे कामाला येतात त्या मावशींचा पगार पाच तारखेला मी हातात द्यायचे आणि नवरा कोपऱ्यावर उभा असायचा, अक्षरशः. सहा तारखेला त्या माझ्याकडेच उचल मागायच्या. लेकीने स्वतःच्या नंबरवर खातं उघडून दिलं, आता पगार त्यात जातो, त्याला सांगितलंय की ताई दोन हप्त्यात देतात (आणि मी खोटं बोलायला तयार आहे). डब्यातली नोट दारुड्याला सापडते, पिन सापडत नाही.

माजघर
पिन मारून घेतला तर? पण हो, लेकीच्या नंबरची गोष्ट पटली. म्हणजे मुद्दा रोख की यूपीआय हा नाहीच, फोन कुणाचा हा आहे. आईला तिचा स्वतःचा नंबर घेऊन देते या दिवाळीला. तरी डबा ठेव म्हणून सांगणार आहे.

घाटाखालचा
डबा ठेवाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या श्रीवर्धन बाजूला माड-पोफळी झोपल्या, विजेचे खांब झोपले, टॉवर गेले. वीज यायला कित्येक दिवस गेले. खात्यात पैसे होते ओ, पण मेणबत्त्या घ्यायला गेलो तर फोनच मेलेला. दुकानदार ओळखीचा म्हणून वहीवर लिहून दिलं. ती वही, ती ओळख, ती चिल्लर, ही आमची सर्व्हर डाऊनची व्यवस्था.

आणि मुरबाडजवळचं धसई आठवतंय का? १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून वाजतगाजत जाहीर केलं, कार्डाची मशीनं वाटली, आणि पुढे तिथेही रोकडच चालते अशा बातम्या आल्या.

निवृत्त कॅशियर
धसईचा दाखला अर्धाच देताय. तेव्हा मशीन होतं, मशीनला फोनलाइन नाहीतर सिम लागायचं, वर कमिशन. आत्ताचा क्यूआर म्हणजे एक कागद. लोकांनी कागद उचलला, मशीन टाकलं. वरून लादलेलं फसलं म्हणून खालून आलेलं फसतं असं नाही.

गल्ल्यावरचा
दोन दिवस गडबडीत होतो, आत्ता सगळं वाचलं. चिखलवाट, चौघांपैकी दोघांना विचारून आलो. एकजण करालाच घाबरलाय, सरळ कबूल केलं. दुसऱ्याच्या पोराला गर्दीत कुणी नुसताच स्क्रीनशॉट दाखवून दोनदा फसवलं, साउंडबॉक्स घेतला नव्हता कारण त्याचं महिन्याचं भाडं द्यायला नको. होल्ड कुणाचं नव्हतं, पण तुमच्या मामांचं वाचून मी सकाळी बँकेत जाऊन दुसरं खातं उघडायचा अर्ज दिला. क्यूआर त्या खात्याला जोडणार आणि रात्री गल्ला उचलतो तशी रक्कम घरच्या खात्यात उचलणार. म्हणजे होल्ड आलंच तर एका दिवसाचं अडकेल.

क्यूआर काढणार मात्र नाही. आणि सुट्ट्यांची ताटली परत काउंटरवर ठेवलीय, कचेरीत येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना "स्कॅन करा" म्हणलं की तोंड कसंनुसं होतं त्यांचं, ते मला दिसत होतं, मी बघत नव्हतो.

चिखलवाट
मामांचं खातं काल सुटलं, चोवीस दिवसांनी. क्यूआर परत लावणार का विचारलं तर म्हणाले आधी बियाणं आणू दे, मग बघू. क्यूआरची पाटी अजून हातगाडीखाली पालथी ठेवलीय, फेकली मात्र नाही.