मदत हवी आहे : बार्सिलोनाजवळच्या मॉन्सेरात पर्वतावर आईला घेऊन जाण्याबाबत

नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आम्ही नागपूरहून बार्सिलोनाला जाणार असून, त्यातला एक पूर्ण दिवस मॉन्सेरातच्या निसर्ग उद्यानासाठी राखून ठेवला आहे. गोटे एकत्र घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे ते बोटांसारखे सुळके आणि त्यांच्या कुशीतला सुमारे 720 मीटर उंचीवरचा मठ पाहण्याची आईची मनापासून इच्छा आहे. तिचे वय 68 असून गुडघे दुखतात. रामटेकच्या पायऱ्या ती गेल्या वर्षी थांबत थांबत चढली, पण उतरताना तिला फार त्रास झाला.

बार्सिलोनातल्या प्लासा एस्पान्या स्थानकाहून आर 5 या लोकल गाडीने निघून पुढे रोपवे घ्यावा की दातेरी रुळांची रेल्वे, यांपैकी कशात चढउतार कमी करावी लागते आणि कमी उभे राहावे लागते, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे. सांत जेरोनी या 1,236 मीटरच्या सर्वोच्च शिखराचा आमचा आग्रह नाही. मात्र सांत जोआन फ्युनिक्युलरने (दोराने तीव्र चढावर ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने) वर गेल्यावर, फारसे न चालता सुळके जवळून दिसतील अशी बसायची जागा मिळते का? आईसाठी हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. शाकाहारी जेवण वर मिळते की डबा सोबत न्यावा, हेही कळवावे.