डिसेंबरातल्या चर्चासत्राला बेळगावात येताय? खोली आधी बघा

ताई, तुम्ही पुण्याहून राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या चर्चासत्राला येणार, राहायचं कुठे असं विचारलंत आणि तुमच्या प्रश्नाखाली सगळ्यांनी रेल्वे स्टेशनजवळचं लॉज सुचवलंय. मला ते पटत नाही. विद्यापीठ शहरात नाही, भूतरामनहट्टीला आहे, कोल्हापूरकडच्या महामार्गालगत. स्टेशन शहराच्या दुसऱ्या अंगाला, त्यामुळे रोज सकाळी अख्खं गाव ओलांडून जावं लागेल. मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास खोली घ्या. महामार्ग तिथून सोयीचा आणि रात्री जेवायला खडेबाजार हाकेच्या अंतरावर.

रिक्षावाल्याला नुसतं 'युनिव्हर्सिटी' म्हणू नका. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ मच्छेला आहे, खानापूर रस्त्यावर, म्हणजे अगदी उलट्या दिशेला. पूर्ण नाव सांगा.

आता महत्त्वाचं. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्ण विधानसौधात बहुधा डिसेंबरातच भरतं. आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार, शिवाय मोर्चे घेऊन आलेली माणसं. बऱ्या हॉटेलांत खोली मिळत नाही, मिळाली तर दर चढलेले. अधिवेशनाच्या तारखा जाहीर व्हायची वाट न बघता आजच बुकिंग करा, रद्द करता येईल असंच. संयोजकांना विद्यापीठाच्या अतिथीगृहाबद्दलही विचारून ठेवा.

सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या एसटी थांबतात, डिसेंबर २०२२ मध्ये तेच झालं. म्हणून परतीचं रेल्वेचं तिकीट हाताशी असू द्या. तुमचा निबंध वाचायचा दिवस कोणता ते कळवा, आम्ही इथलेच काहीजण ऐकायला नक्की येऊ.