मदत हवी आहे: घरी वापरायच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅपचा क्लेम नाकारला

नमस्कार मंडळी,

बाबांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, वय ७१. मागच्या महिन्यात धाप वाढून अतिदक्षता विभागात होते, नवव्या दिवशी घरी आले. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरने) आणि रात्री झोपताना बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) लागेल. दोन्ही मशिनं त्याच दिवशी विकत घेतली, कारण ती असल्याशिवाय बाबांना घरी नेता येणारच नव्हतं. हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीने बिनतक्रार भरलं. मशिनांचा क्लेम मात्र एका ओळीत परत आला: घरी वापरायची उपकरणं पॉलिसीत बसत नाहीत.

आई म्हणाली, "म्हणजे ह्यांनी तिथेच राहायचं होतं का?" मला काही बोलता आलं नाही.

दोन रात्री बसून पॉलिसी पहिल्यापासून वाचली. मूळ पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत कॉन्सन्ट्रेटर, सीपॅप, नेब्युलायझर, व्हीलचेअर सगळं आहे. पण आम्ही जादा हप्ता भरून एक रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) घेतला होता. त्यात साफ लिहिलंय की डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने घरी वापरायची उपकरणं ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतील. नकाराच्या पत्रात रायडरचा उल्लेखच नाही. शिवाय डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांच्या खर्चाचं वेगळं कलम आहे, त्याबद्दलही चकार शब्द नाही.

आता आमच्या बाजूची चूक. डिस्चार्ज कार्डावर फक्त "ऑक्सिजन व बायपॅप गरजेप्रमाणे" असं लिहिलंय. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. वाचणाऱ्याला वाटणार, असलं तर बरं, नसलं तरी चालेल. प्रत्यक्षात ऑक्सिजन न लावता, शांत बसलेले असताना घेतलेल्या एबीजीमध्ये (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) बाबांचा ऑक्सिजनचा दाब ५२ आणि कार्बन डायऑक्साइडचा ५८ होता. बोटावरचं सॅच्युरेशन ८५ टक्के. घरी दीर्घकाळ ऑक्सिजन द्यायचा वैद्यकीय निकष म्हणजे दाब ५५ किंवा त्याखाली, नाहीतर सॅच्युरेशन ८८ टक्के किंवा त्याखाली. बाबा दोन्हींत बसतात.

आणि "गरजेप्रमाणे" हे त्यांच्यासाठी धोक्याचंही आहे. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना ऑक्सिजन जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो, म्हणून सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवायला सांगितलंय. मिनिटाला किती लिटर हे ठरवूनच द्यावं लागतं. साठलेला वायू बाहेर काढायला रात्री बायपॅप. एकाशिवाय दुसरं अपुरं आहे.

बायपॅपसाठी कंपनीच्या माणसाने फोनवर झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला. तो झोपेत श्वास अडण्याच्या आजारासाठी लागतो, बाबांना ते निदानच नाही. इथे आधार एबीजीचा आहे. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. शेवटी "लेखी द्या" म्हणाले.

म्हणून डॉक्टरांकडून नवं पत्र घेतेय. त्यात निदान, एबीजीचे आकडे तारखेसह, लिटर, तास, बायपॅपचे दाब आणि ही मशिनं का टाळता येत नाहीत, एवढं मागितलंय. अजून काय हवं?

माझे प्रश्न:

रायडर असताना मूळ पॉलिसीतलं वगळणीचं कलम दाखवून नकार देता येतो का? कुणी यावर दाद मागून क्लेम मिळवला असेल तर पत्रात नेमकं काय लिहिलं होतं ते सांगा.

खरेदीआधी मंजुरी घेतली नव्हती. डिस्चार्जच्याच दिवशी मशीन लागणार असेल तर मंजुरीची वाट कशी बघायची? तातडीचं कारण मान्य करतात का?

मास्क, नळ्या, फिल्टर हे पुन्हा पुन्हा लागणार. ते मशीनसोबत मागावेत की वेगळा क्लेम करावा?

ज्यांच्या घरी अशी वेळ यायची आहे त्यांना एक सांगते. शक्य असेल तर कॉन्सन्ट्रेटर आधी भाड्याने घ्या. तब्येत स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी एबीजी पुन्हा करतात आणि काहींचा ऑक्सिजन तोवर सुटतोही. आम्हाला हे खरेदीनंतर कळलं.

भर घालतेय: खाली विचारलंय म्हणून सांगते, नकाराचं पत्र लेखीच आलंय आणि फेरविचारासाठी ३० दिवस दिलेत. त्यातले अकरा गेले. डॉक्टरांचं पत्र सोमवारी मिळेल. अर्जासोबत रायडरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, एबीजी आणि मशिनांच्या सिरियल नंबरसह पावत्या जोडतेय. यात काही राहत असेल तर सोमवारच्या आत सांगा, म्हणजे डॉक्टरांकडे एकाच फेरीत काम होईल. बाबांना सोडून फार वेळ बाहेर राहता येत नाही.