बेल्ट नवा टाकूनही पिकअप सुरू करताना किंचाळतोय, तर

इंजिनवरचा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि एसी फिरवणारा नवा बेल्ट टाकूनही सकाळी स्टार्ट मारताना आवाज येतोय आणि एसी लावला की वाढतो, असं तुम्ही लिहिलंय. मग दोष बहुधा बेल्टचा नाही, टेन्शनरचा, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा आहे. माझ्या गाडीत हेच झालं होतं, दोन बेल्ट फुकट गेले.

इंजिन चालू असताना, हात आणि कपडे लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली सरळ रेषेत नाही.

इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि बेल्ट उतरवा. त्याआधी तो कसा फिरवलाय याचा फोटो काढाच. आता प्रत्येक पुली हाताने फिरवा. माझी आयडलर (बेल्टला फक्त वाट देणारी मोकळी पुली) खरखरत होती, बोटांना वाळू लागावी तशी. अल्टरनेटरची पुलीही हलवून बघा. कुठे ऑइल किंवा कूलंट झिरपत असेल तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर तिसरा बेल्टही घसरेल.

आणि तो बेल्टवर मारायचा स्प्रे कृपया वापरू नका. आवाज चार दिवस दबतो, पण खाचांत चिकट थर बसतो आणि खरा दोष झाकला जातो.